तंबाखूचा परधूर आणि बीड जिल्हा : एक ऐतिहासिक टिपण

इ. स. 2019 च्या 18 सप्टेंबर रोजी केंद्र शासनाने वटहुकूम काढून विद्युत्-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. ही बंदी देशाच्या इतर भागांप्रमाणेच बीड जिल्ह्यालाही लागू झाली. तथापि या जिल्ह्यातील धुराचा इतिहास पाहू जाता, या नव्या नळीपेक्षा चुलीवरच्या तव्याचा विचार अगोदर करावा लागतो.

नव्या साधनाविषयीचा वाद दख्खनला नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, बीडच्या परिसरावर निजामशाही व मोगल यांचा झगडा चालू असताना, असद बेग हा मोगल अधिकारी विजापुराहून तंबाखू व रत्नजडित हुक्का घेऊन अकबराच्या दरबारी गेला. बादशहाने दोन-चार झुरके घेताच हकिमाने हरकत घेतली. हे औषध अपरिचित असून जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, असा त्याचा मुद्दा होता. युरोपीय विद्वानांनी ते पारखले असेलच, हे असद बेगाचे उत्तर. अकबराने पुढे ते सेवन केले नाही. सरदारांनी मात्र केले. 1617 मध्ये जहांगिराने घातलेली बंदीही टिकली नाही. हकिमाचा आक्षेप आजही निरर्थक ठरत नाही.

या साऱ्या वादात ओढणाऱ्याच्या शेजारी बसलेला मनुष्य कोठेच दिसत नाही. त्याला शास्त्रात स्थान मिळाले ते फार उशिरा. 1981 मध्ये जपानच्या हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या सुमारे 91 हजार विवाहित स्त्रियांच्या निरीक्षणावरून असे दाखविले, की पती अधिक धूम्रपान करीत असल्यास पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतात हा विचार न्यायालयात नेला तो मुंबईच्या मुरली देवरा यांनी. त्यांच्या याचिकेवर 2 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, कचेऱ्या, रेल्वे इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. 2003 चा कायदा व 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम त्यानंतरचे.

विद्युत्-सिगारेटमध्ये जळणारी पाने नसतात, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज पसरला. 2003 च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने तिला आजचे रूप दिले. तिच्यातून निघते ती निव्वळ वाफ नव्हे. तिच्यात निकोटीन, अतिसूक्ष्म कण, फॉर्माल्डिहाइड व निकेल-शिशासारखे धातू आढळले आहेत; त्यांचे प्रमाण बहुधा सिगारेटच्या धुराहून कमी असते, हेही सांगितले पाहिजे. बंद खोलीत तिच्यामुळे निकोटीन व कण यांची पातळी वाढते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2018 मध्ये निःसंदिग्धपणे नोंदविले. 2019-20 मध्ये तेथे अशा उपकरणांमुळे फुप्फुसांना इजा होऊन 68 जण दगावले. त्यांतील बहुतेक प्रकरणांचा संबंध गांजातील द्रव्य व ई-जीवनसत्त्वाचे अॅसिटेट यांच्या मिश्रणाशी होता. शेजाऱ्याच्या दीर्घकालीन हानीचा निर्णय व्हावयास मात्र अजून काळ लोटला पाहिजे.

भारतीय कायद्याच्या दीर्घ नावात उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा व जाहिरात या क्रिया आहेत, ओढणे नाही. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता महाराष्ट्राची स्थिती पाहावी. 2016-17 च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा 3.8, तर धूरविरहित तंबाखू घेणारे शेकडा 24.4 आढळले. मराठवाड्यात त्या दुसऱ्या गटात मिश्रीचा वाटा दुर्लक्षणीय नाही, विशेषतः स्त्रियांत. ती 'धूरविरहित' कशी म्हणावी, हा प्रश्नच आहे. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजून मग कुटतात. भाजताना बेंझोपायरीनसारखी कर्ककारक द्रव्ये निर्माण होतात, आणि ठसका घरातल्या सर्वांना लागतो, तान्ह्या मुलालाही. पाहणीच्या कोष्टकात ही बाई धूम्रपान करणारी ठरत नाही. तिचे मूल परधुराचे बळी म्हणूनही नोंदले जात नाही. 2008 चे नियम सार्वजनिक जागेपुरते असल्यामुळे घराचा उंबरठा ओलांडून ते आत जात नाहीत.