सायकलस्वारांचा ताफा आणि सार्वजनिक रस्ता

गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांवर समूहाने सायकल चालविणाऱ्यांचे दोन वर्ग ठळकपणे दिसतात. पहिला वर्ग पहाटेचा. आरोग्यासाठी वा हौसेसाठी शहरातून निघणारे हे सायकलस्वार रविवारी सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधब्यापर्यंत किंवा नवेगावबांधच्या दिशेने मजल मारतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आकर्षण विदर्भात वाढले. दुसरा वर्ग संख्येने कितीतरी मोठा, पण क्वचितच चर्चेत येणारा आहे. सकाळी दहाच्या सुमारास गावांतून माध्यमिक शाळेकडे निघणाऱ्या विद्यार्थिनींचा हा वर्ग होय. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. पूर्वी ही रक्कम साडेतीन हजार रुपये होती, ती २०२२ मध्ये पाच हजार करण्यात आली.

सायकल मिळाली, समूहाने ती कशी चालवावी हे मात्र कोणी शिकविले नाही. हौशी सायकलस्वाराला अपघात झाला तर तो बरा होऊन पुन्हा रस्त्यावर येतो. शाळकरी मुलीला साधी धडक बसली, तरी गावातील अनेक घरांत मुलीची सायकल पडवीत उभी राहते आणि पुष्कळदा तिच्यासोबत शाळाही सुटते. म्हणून या विषयाकडे केवळ छंदाचे शिष्टाचार म्हणून पाहणे अपुरे ठरेल.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही. त्यामुळे तिला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही. यावरून सायकलला कोणताच नियम नाही, असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ‘वाहन’ या शब्दात सायकलचाही समावेश आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणे आणि पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडणे हे बंधन तिलाही लागू होते. डबलसीट जाणाऱ्याला किंवा दिव्याविना फिरणाऱ्याला पोलिसांनी थांबवून चाकाची हवा सोडल्याच्या आठवणी जुन्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. तो धाक संपला, पण त्यामागचे कारण संपलेले नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तो याच कारणासाठी.

मोटारचालकांवरील जबाबदारी अधिक स्पष्ट आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांनुसार पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकाने घ्यावयाची आहे. प्रत्यक्षात ही काळजी कितपत घेतली जाते, हे आकडे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सायकलस्वार ४ हजार ८०० हून अधिक होते.

एकामागे एक की जोडीने?

समूहाने सायकल चालविताना सर्वांत वादाचा प्रश्न हाच असतो. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक संहितेत सुधारणा करून दोघांनी शेजारी चालण्यास स्पष्ट मान्यता दिली आणि ओलांडणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर अंतर राखावे असे सुचविले. जर्मनीत पंधराहून अधिक सायकलस्वारांचा समूह जोडीजोडीने जाऊ शकतो आणि त्याला एकच वाहन मानले जाते. यामागे साधे गणित आहे. दहा सायकली एकामागे एक, मधे दोन मीटर अंतर ठेवून चालल्या तर रांग सुमारे ३६ मीटर लांब होते. ताशी २० किलोमीटर वेगाने चालणारी ही रांग ताशी ५० किलोमीटरच्या मोटारीने ओलांडावयाची झाल्यास, पुढेमागे थोडी मोकळी जागा धरून, सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार जवळजवळ ९५ मीटर पुढे जाते आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही तेवढेच जवळ येते. म्हणजे जवळपास दोनशे मीटर रस्ता मोकळा हवा. त्याच दहा सायकली जोडीने असल्या तर रांग १७ मीटरांची होते आणि ओलांडण्याचा वेळ साडेचार सेकंदांवर येतो.

तथापि हे गणित रुंद आणि शिस्तीच्या रस्त्याचे आहे. गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांना जोडणारे अनेक रस्ते एकपदरी आहेत. एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारणतः पावणेचार मीटर धरली जाते आणि ट्रक अडीच मीटर रुंद असतो. उरलेल्या सव्वा मीटरात एक सायकल कशीबशी मावते, दोन मावत नाहीत. म्हणून येथे एकेरी रांग हाच एकमेव मार्ग आहे. त्यातही मोठे वाहन मागून आले तर साइडपट्टीवर उतरून थांबावे. चालत्या सायकलीवरून डांबराची कड उतरणे मात्र धोक्याचे आहे. पावसाळ्यानंतर ही कड वीतभर खोल होते आणि पुन्हा वर चढताना पुढचे चाक घसरते. वेग कमी करून, शक्यतो पाय टेकवून उतरावे.

एकेरी रांग लांबते, हा दोष उरतोच. त्यावर उपाय समूह तोडणे. पाच-सहा जणांची एक तुकडी, आणि दोन तुकड्यांत किमान पन्नास मीटरांचे अंतर. मागून येणाऱ्या वाहनाला एक तुकडी ओलांडून मधल्या जागेत विसावता येते. वीस जणांचा सलग ताफा छायाचित्रात देखणा दिसतो. रस्त्यावर तो स्वतःसाठी आणि इतरांसाठीही संकट असतो.

दोन सायकलींमधील अंतराबाबत शर्यतीतील सायकलस्वारांचे अनुकरण करण्याचा मोह तरुणांना होतो. पुढच्याच्या चाकाला चिकटून गेल्यास वाऱ्याचा अडथळा कमी होऊन श्रम वाचतात, हे खरे. पण ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते आणि पुढच्याने ब्रेक दाबल्याचे मागच्याच्या लक्षात येऊन हात हलेपर्यंत सेकंदभर सहज जातो. चाकाशी चाक आडवे भिडले तर पडतो तो मागचा, आणि त्याच्या मागून येणारे त्याच्यावर. खड्डे, गुरे आणि गतिरोधक असलेल्या रस्त्यावर दोन मीटर हे किमान अंतर समजावे. उतारावर ते दुप्पट करावे.

खुणा आणि बोली

समूहातील पुढच्याला जे दिसते ते मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढच्याने डोळ्यांचे आणि शेवटच्याने कानांचे काम करावयाचे असते. खड्डा असेल त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखविणे, थांबताना तळहात मागे करणे, वळण्यापूर्वी हात आडवा धरणे या खुणा जगभर जवळपास सारख्याच आहेत. एक हात सोडणे ज्यांना जमत नाही त्यांनी ओरडून सांगावे. ‘खड्डा’, ‘ट्रक मागे’, ‘थांबा’ एवढे शब्द पुरतात. ऐकलेला शब्द प्रत्येकाने मागे पोहोचवावा. अर्थात, कानात इअरफोन असलेला सायकलस्वार समूहात असून नसल्यासारखाच.

सर्वांत अनुभवी दोघांपैकी एकाने पुढे, दुसऱ्याने शेवटी राहावे आणि वेग सर्वांत मंद असणाऱ्याचा ठेवावा. पुढे निघून गेलेल्यांनी चौकात थांबून मागच्यांची वाट पाहावी. परंतु ही वाट डांबरावर उभे राहून पाहू नये. पंक्चर काढणे, पाणी पिणे, गप्पा मारणे हे सारे रस्त्याबाहेर. फाटकावर बंद आडदांडाखालून सायकल वाकवून काढण्याची सवय गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या परिसरात अंगवळणी पडलेली आहे. एक वाकला की दहा वाकतात. फाटक उघडे असतानाही रूळ काटकोनात ओलांडावेत. तिरपे गेल्यास चाक रुळालगतच्या खाचेत अडकते.

ऋतूंप्रमाणे बदलणारा रस्ता

धानाच्या या जिल्ह्यात रस्त्याचा स्वभाव शेतीच्या हंगामाबरोबर बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेले ट्रॅक्टर चिखल डांबरावर आणतात. त्यावर ब्रेक दाबणे म्हणजे घसरणेच. नाल्यावरील रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ वाटले तरी समूहाने मागे फिरावे. अशा वेळी धाडसी सोबत्याचे ऐकू नये. नोव्हेंबरमध्ये कापणी व मळणी सुरू झाली की कुठे कुठे धान रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले दिसते, दाण्यांभोवती दगड मांडलेले असतात. संध्याकाळनंतर भात गिरण्यांकडे निघालेल्या ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच याची खात्री नसते.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि तलावांलगतच्या भागात धुके त्यानंतरही रेंगाळते. पहाटे पाचला निघणाऱ्या हौशी समूहांसाठी पुढे पांढरा व मागे लाल दिवा, अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट या चैनीच्या वस्तू नव्हेत. दाट धुके असेल तर दिव्यावर विसंबण्यापेक्षा तासभर उशिरा निघणे शहाणपणाचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणारी कुटुंबे रस्त्याच्या कडेला असतात, त्यांच्याजवळून सावकाश जावे. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी सालेकसा भागात वाहनांची रीघ लागते. त्या दिवसांत तो मार्ग टाळलेलाच बरा.

गोंदिया–गोरेगाव–कोहमारा हा मार्ग विशेष सावधगिरीचा. तो नवेगाव व नागझिरा या दोन जंगलांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या वाटेतून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रात्री भरधाव मोटारीच्या धडकेने एका वाघाचा मृत्यू झाला. याच मार्गावर डव्व्याजवळ २९ नोव्हेंबर २०२४ रोजी दुचाकीला वाचविण्याच्या प्रयत्नात प्रवासी बस उलटून दहाहून अधिक प्रवासी दगावले. जंगलाच्या टप्प्यातून पहाटेच्या अंधारात किंवा सूर्यास्तानंतर सायकलने जाऊ नये आणि दिवसाही तुकडी विखुरू देऊ नये.

शाळेच्या वाटेवर

विद्यार्थिनींच्या समूहाचे प्रश्न याहून वेगळे आहेत. तिघी-चौघी हातात हात घालून किंवा शेजारी शेजारी बोलत जातात. त्यात नवल नाही. शाळेची वाट हाच अनेकींसाठी मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलण्याचा वेळ असतो. ‘बोलू नका’ असे बजावून हा प्रश्न सुटणार नाही. गावाच्या आतल्या रस्त्यावर जोडीने आणि डांबरी मुख्य रस्ता लागताच एकेरी, असा स्थळाशी बांधलेला नियम मुलींच्या लवकर अंगवळणी पडतो. एखादे झाड, पूल किंवा फाटा ही खूण ठरवून द्यावी.

ओढणी मागच्या चाकात गुंतून होणारे अपघात टाळण्यासाठी ती कमरेला गाठ मारून बांधावी. दप्तर हॅण्डलला अडकविल्यास वळताना तोल जातो. त्याची जागा कॅरियरवर. सायकल उंच असेल तर सीट खाली घ्यावी, थांबल्यावर पायाचा चवडा जमिनीला लागला पाहिजे. नवी सायकल जोडताना ब्रेकच्या तारा ढिल्या राहतात, म्हणून महिन्यातून एकदा शाळेतच ब्रेक, घंटी आणि हवा तपासण्याचा तास ठेवला तर खर्च जवळपास शून्य येतो. धाकट्या भावंडाला पुढच्या दांड्यावर बसवून आणणाऱ्या मुलींना रागावण्याआधी त्या भावंडाची शाळेत येण्याची दुसरी सोय आहे काय, हे शिक्षकांनी पाहावे. शाळा सुटताना पाच मिनिटांच्या अंतराने वर्गवार सायकली सोडल्या तर शंभर सायकली एकाच वेळी रस्त्यावर येत नाहीत.

अपघात घडल्यास

जखमीला घाईने उचलू नये; मान वा पाठीला मार असण्याची शक्यता असते. दोघांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुढे जाऊन वाहने थांबवावीत, एकाने १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि सद्‌भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दायित्व येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि ते सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. सायकलस्वारही तीस पात्र आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. म्हणून ‘किरकोळ आहे’ असे म्हणून नोंद न करता घरी परतू नये.