भोपळ्याचे ऋण

मराठी भाषेने भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य मिळाले की तो 'भोपळा', खोटी समजूत फुटली की तो 'भ्रमाचा भोपळा', आणि तीर्थयात्रा घडूनही कडूच राहतो तोही भोपळाच. नाही म्हणायला 'सांगड घालणे' या वाक्प्रचारात त्याचा उपकार दडलेला आहे. नदी उतरण्यासाठी सुके भोपळे वा लाकडे एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. पोकळपणाच्या याच गुणाने भोपळा संगीतातही कामी आला. आपल्या संगीताच्या इतिहासांत मात्र त्याची नोंद क्वचितच आढळते.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी पिकणारा हा कडू भोपळा. कडवटपणामुळे त्याला कोणी तोंड लावीत नाही, आणि तो वेलावर पुरता पक्व होऊन जाड सालीचा बनतो. उन्हात वाळवलेले हे भोपळे मिरजेला जातात. वारकऱ्याच्या खांद्यावरची वीणा आणि मैफलीतला तंबोरा, दोहोंचा नाद अशा पोकळीतच घुमतो. भक्ती आणि अभिजातता यांचे नाते आम्ही ग्रंथांत शोधत असतो; त्याचा एक धागा असा शेतातही सापडतो.

मिरजेची कथा तितकीच विलक्षण आहे. तेथील तंतुवाद्ये घडविणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे मूळची शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तलवारीचे दिवस सरले. परंपरा सांगते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने या गावात गायकांचा राबता होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते येथेच. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) अखेर मिरजेचेच झाले. सांगलीच्या कृ. ब. देवलांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

खाँसाहेबांच्या सुरेलपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या सुरेलपणाला कानाचा जो आधार लागतो, तो कारागीर घडवीत असतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित उताराचा घासावा लागतो. तारेखाली सुताचा बारीक धागा योग्य जागी सरकवावा लागतो. मग तार घोडीला निसटता स्पर्श करीत झणकारते. हीच जवारी. ती नीट लागली, तर खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार आपसूक ऐकू येतो. त्यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. धार लावणाऱ्या हातांना घासण्याचे हे मर्म परके नसावे, असे आम्हांस वाटते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे आनंदाचेच. परंतु मानांकनाने वेल उगवत नाही. उजनीचे पाणी आल्यापासून सोलापूर जिल्ह्यात ऊस पसरला आहे, आणि उसाशी स्पर्धा कडू भोपळ्याने कशी करावी? इकडे रियाजाला मोबाइलमधला तंबोरा पुरतो. त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण जवारी लावणारा हात आणि भोपळ्याचे बी राखणारे शेत ही एकदा गेली, तर यंत्राने नक्कल तरी कशाची करावी?

संगीताचा इतिहास आम्ही घराण्यांचा आणि गुरुशिष्यांचा म्हणून शिकत-शिकवत आलो. त्यात भीमेकाठच्या शेतकऱ्याचे आणि मिरजेच्या शिकलगाराचे पान जोडल्यावाचून तो पुरा होणार नाही. मैफलीत तंबोरे गवयाच्या मागे असतात, हे खरे. म्हणून इतिहासानेही त्यांना मागेच ठेवावे असे नाही.