गदेचा धागा



बोदवडसारख्या कापसाच्या गावात वसंत ऋतूतील व्याख्यानाला कुस्तीचा विषय घ्यावा, आणि तो कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने घ्यावा, ह्याचे काहींना नवल वाटेल. आम्ही पहिलवान नव्हे. लहानपणी जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्तीत दोनदा माती पाठीला लावून घेतली, एवढाच आमचा त्या विद्येशी संबंध. परंतु एका प्रश्नाने आम्हांला ह्या विषयाकडे ओढले, आणि तो प्रश्न विचारणारा एका जिनिंगमधला हमाल होता.

2017 सालचा डिसेंबर. जिनिंगच्या फाटकापाशी चहा चालला होता. वर्तमानपत्रात भूगावच्या महाराष्ट्र केसरी अधिवेशनाची बातमी होती. पुण्याच्या अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा जिंकली होती. आमचा हा मित्र छायाचित्राकडे बघत म्हणाला, “भाऊ, आपल्या विजयला ह्यानं पाडला का?”

आम्ही म्हणालो, “नाही. विजय यंदा उतरलाच नव्हता.”

“मग गेल्या साली काय झालं होतं?”

“गेल्या साली विजयनेच ह्याला हरवले होते.”

त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “मग हा केसरी कसा?”

उत्तर सोपे आहे असे वाटून आम्ही बोलू लागलो, आणि मधेच थांबलो. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज आपल्यापुढे मांडत आहोत.

विजय म्हणजे चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी. 2014, 2015 व 2016 अशी सलग तीन वर्षे त्याने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. त्याच्या आधीची तीन वर्षे ती नरसिंग यादवकडे होती. 2016 च्या अंतिम कुस्तीत विजयने कटकेला हरवले, पुढे तो पोलीस दलात अधिकारी झाला, आणि गदेच्या मैदानातून बाजूला झाला. म्हणजे गदा दुसऱ्याकडे गेली, पण गदाधारी कोणाकडून पडला नाही.

आता पाहा, विजेता ठरवण्याच्या जगात दोन रीती आहेत. पहिली रीत बैठकीची. एखादी परिषद किंवा मंडळ दर साली स्पर्धा भरवते, आणि त्या स्पर्धेत शेवटी उभा राहील तो त्या सालचा अजिंक्य. गेल्या सालचा अजिंक्य आला की नाही, ह्याची ती रीत चौकशी करीत नाही. दुसरी रीत धाग्याची. मान एका माणसाच्या अंगावर असतो. त्याला जो पाडील त्याच्या अंगावर तो जातो. त्याला पुढे जो पाडील त्याच्याकडे. ह्या रीतीला कचेरी लागत नाही, शिक्का लागत नाही. हमालाने विचारला तो प्रश्न धाग्याच्या रीतीचा होता, आणि आम्ही उत्तर देऊ पाहत होतो ते बैठकीच्या रीतीचे.

हा झगडा आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलचे वेड आहे. तो खेळ पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात. त्याचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी झाला. त्यात रटगर्सने प्रिन्स्टनला 6–4 असे हरवले. आठवड्याने परतीच्या सामन्यात प्रिन्स्टनने 8–0 अशी फेड केली. मौज अशी की, सर्वांत वरच्या गटासाठी तिथल्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःचे अधिकृत अजिंक्यपद कधी ठेवलेच नाही. वर्षानुवर्षे वृत्तपत्रकारांची मते घेऊन पहिला क्रमांक ठरे, आणि एकाच साली दोन-दोन विद्यापीठे आपण अजिंक्य म्हणून मिरवत. तेव्हा काही हौशी लोकांनी त्या पहिल्या सामन्यापासून धागा धरला: रटगर्सकडून मान प्रिन्स्टनकडे, आणि तेथून जो जिंकेल त्याच्याकडे. असा मान कधी कधी अगदी सामान्य संघाकडेही जाऊन बसतो, कारण त्या एका दिवशी त्याने मोठ्याला पाडलेले असते. त्याला चषक नाही, पदक नाही. पण कोणाच्या मतावर तो अवलंबून नाही, हेच त्याचे मोल.

मुष्टियुद्धात ह्या धाग्याने माणसांचे न्यायअन्याय उघडे केले. जेम्स जेफ्रीज हा गोरा अजिंक्यवीर 1905 मध्ये अपराजित निवृत्त झाला. मग मार्विन हार्ट आणि 1906 मध्ये हार्टला हरवून टॉमी बर्न्स असे मानकरी झाले. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत जॅक जॉन्सन ह्या काळ्या मुष्टियोद्ध्याने बर्न्सला लोळवले. तेव्हा कित्येक गोऱ्यांना एकाएकी धाग्याची आठवण झाली. खरा मान जेफ्रीजचा, त्याला कोणी हरवले आहे, असे ते म्हणू लागले. शेतावर स्वस्थ बसलेल्या जेफ्रीजला त्यांनी पुन्हा उभे केले, आणि 4 जुलै 1910 रोजी रीनो येथे जॉन्सनने त्यालाही हरवले. आता बोलायला काही उरले नाही. ज्यांनी धागा जॉन्सनला अडवण्यासाठी हाती घेतला, त्यांच्याच हातून तो त्याच्या गळ्यात पडला.

पुढे 1967 मध्ये महंमद अलीने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्याचे नाकारले. मंडळांनी त्याचे पद काढून घेतले आणि दुसऱ्यांना वाटले. कागदावर जो फ्रेझर अजिंक्य झाला. पण अलीला रिंगणात कोणी पाडले नव्हते, आणि फ्रेझरलाही हे माहीत होते. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये पंधरा फेऱ्यांनंतर फ्रेझर गुणांवर जिंकला, तेव्हा कुठे कागद आणि धागा एक झाले. फ्रेझरचा मान त्या रात्री पुरा झाला, असे आम्ही मानतो.

परंतु धागा म्हणजे धर्मकाटा नव्हे. त्यातही खोट आहे, आणि ती आपल्या गामाच्या चरित्रात दिसते. त्या काळी जागतिक कुस्तीचा मान असा चालत आला: 1905 मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज हॅकेनश्मिटने टॉम जेंकिन्सला जिंकले, 1908 मध्ये शिकागोत फ्रँक गॉचने हॅकेनश्मिटला जिंकले, आणि 1911 मध्ये पुन्हा जिंकले. 1910 च्या जूनमध्ये गॉचने पोलंडच्या झिबिस्कोलाही पाडले. त्याच साली गामा लंडनला गेला. 10 सप्टेंबरला झिबिस्कोशी त्याची कुस्ती लागली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. 17 सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली, तर झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे 1928 च्या जानेवारीत पतियाळास गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले.

आणि तरीही काटेकोर धागा विचारला तर तो गामाकडे येत नाही. मान गॉचकडे होता, आणि गामा व गॉच ह्यांची कुस्ती कधी झालीच नाही. धाग्याची खोट ती हीच: ज्याच्या अंगावर मान आहे, तो कोणाशी लढायचे हे निवडू शकतो. फडात हात वर करून कितीही फेऱ्या मारा, समोरचा उतरला नाही तर जोड लागत नाही. घरी मात्र गामाने धागा नीट पुरा केला. रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी त्याच्या कुस्त्या आधी बरोबरीत सुटल्या होत्या. इंग्लंडहून परतल्यावर अलाहाबादेस त्याने रहीमला जिंकले आणि मगच तो रुस्तम-ए-हिंद म्हणवला. 1947 नंतर तो पाकिस्तानात राहिला आणि 1960 मध्ये लाहोरला वारला. त्याच्यापर्यंत आलेला धागा फडात कोणी तोडला नाही. तो त्याच्याबरोबर मिटला.

आता आपल्या गदेकडे येऊ. महाराष्ट्र केसरीची सुरुवात 1961 मध्ये औरंगाबादेस झाली. पहिला मानकरी दिनकर दह्यारी. दुसरेच अधिवेशन, 1962 चे, आपल्या खानदेशात धुळ्याला भरले आणि भगवान मोरे जिंकला. 1966 मध्ये जळगावला दीनानाथ सिंह जिंकला. काही वर्षी गदा कोणालाच मिळाली नाही. बैठकीच्या हिशेबात ती वर्षे रिकामी. धाग्याच्या हिशेबात मात्र एकही वर्ष रिकामे नसते, कारण जुना मानकरी पडेपर्यंत मानकरीच राहतो.

त्या हमालाच्या प्रश्नानंतर आम्ही कातरणे ठेवू लागलो. मोजण्याचा नियम एकच ठेवला: फक्त अधिवेशनातल्या कुस्त्या धरायच्या. जत्रेतल्या दंगली धरल्या तर धागा गावोगाव हिंडू लागतो, आणि जत्रेतली कुस्ती हलगी थांबली की लोकांच्या तोंडी राहते, कागदावर येत नाही. ह्याची आम्हांला खंत आहे. गरिबाच्या पोराने मोठ्या पहिलवानाला पाडलेला दिवस गावाला पिढीभर आठवतो, पण दप्तरात तो कधीच नसतो.

2017 पासून धागा कटकेच्या हाती धरला, तर तो पुढे फार सुरेख चालतो. 2018 च्या डिसेंबरात जालन्याला अंतिम कुस्तीत बाला रफिक शेखने कटकेलाच हरवले. बाला रफिक आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याकडून उतरला होता. मलकापूरच्या बाजारात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मग 2020 च्या जानेवारीत पुण्याजवळ बालेवाडीला अधिवेशन झाले. तेथे माती विभागात माऊली जमदाडेने बाला रफिकला पाडले. त्याच विभागात शैलेश शेळकेने जमदाडेला हरवले. आणि गदेच्या कुस्तीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने शेळकेला 3–2 असे जिंकले. म्हणजे त्या एका अधिवेशनात मान तीन हात फिरला. जमदाडेचे नाव मानकऱ्यांच्या फळ्यावर नाही, शेळकेचेही नाही. पण धाग्यात दोघांच्याही गाठी आहेत. सदगीर व शेळके एकाच वस्तादाच्या, काका पवारांच्या, तालमीतले. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले. आमच्या मते धाग्याच्या रीतीतला तो सर्वांत शहाणा क्षण होय: ज्याला जिंकलो त्याच्यामुळेच आपण कोणी झालो, हे त्या तरुणाला कळले होते.

पुढे बैठकीच्याच घरात भांडण झाले. 2023 च्या जानेवारीत पुण्याला शिवराज राक्षेने गदा घेतली. नोव्हेंबरात फुलगावच्या अधिवेशनात अंतिम कुस्तीत सिकंदर शेखने त्याला चितपट केले. आणि त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेच्या अधिवेशनात राक्षेच पुन्हा महाराष्ट्र केसरी झाला! एका साली दोन संघटना, दोन गदा, दोन केसरी. 2025 मध्येही तसेच: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. शिक्का दोघांकडे असला की शिक्क्याने काहीच ठरत नाही. तेव्हा लोक त्या हमालासारखाच प्रश्न विचारतात: कोणी कोणाला पाडले?

आम्हा संघटनेच्या माणसांना हा देखावा नवा नाही. 1971 च्या महाराष्ट्रातील कायद्याने मान्यता मागणाऱ्या संघटनेला 30 टक्के सभासदांची अट घातली. कागद हवाच, कागदाशिवाय मालक चर्चेला बसवत नाही. पण 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा मान्यता एका संघटनेकडे होती आणि लाखो कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. मान्यता आणि मान ह्यांच्यातली दरी त्या संपाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवली.

तर मग हमालाला उत्तर काय? जळगाव जिल्ह्याचे म्हणून आम्हांला एक मोह होतो, तो कबूल करतो. धागा सरळ धरला, तर 2016 नंतर विजय चौधरीला गदेच्या कुस्तीत कोणी हरवले नाही; म्हणजे मान अजून चाळीसगाव तालुक्यातच आहे, असे छातीठोक सांगता येईल. टाळ्याही पडतील. पण मग जॉन्सनपुढे जेफ्रीजचे नाव घेणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय राहिला? तीन गदा विजयच्या. त्या कोणी काढून घेऊ शकत नाही. मान मात्र फडात उभा राहणाऱ्याचाच असतो. जो माती सोडून गेला त्याने मान मातीतच ठेवला, आणि तो मग पुढच्यांनी आपसांत लढून उचलायचा. कटकेने तो उचलला, आणि पुढच्याच साली जालन्यात रीतीने दिलाही.

हे उत्तर आम्ही शेवटी आमच्या मित्राला दिले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे भाऊ, अध्यक्षालाही फडात उतरावं लागतं म्हणा की!”

बोलणे कुस्तीचे होते, पण बाण कुठे लागला ते आम्ही समजलो. आमच्या संघटनेत अध्यक्षाच्या जागेवर आम्ही अकरा वर्षे बिनविरोध निवडून येत होतो, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. एका जुन्या संपातले यश आम्ही अंगावर वागवत होतो. ते यश पाहिलेले निम्मे कामगार आता कामावर नव्हते. बिनविरोध म्हणजे सर्वांचा विश्वास, असे आम्ही धरून चाललो होतो. जोड लागलीच नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो, हे त्या दिवशी कळले.

पुढच्या निवडणुकीत आम्हीच आग्रह धरून एका तरुण कामगाराला आमच्यासमोर उभे केले. आम्ही सात मतांनी जिंकलो. त्या सात मतांनी जेवढी झोप लागली, तेवढी अकरा वर्षांत लागली नव्हती. पुढल्या खेपेस तो पोरगा आम्हांला पाडील असा रंग आहे. पाडो, धागा त्याच्या हाती जाईल, आणि कोणी कोणाला पाडले हे फाटकावरच्या साऱ्यांना ठाऊक असेल.