एक लाखाचे बक्षीस आणि पेटीतला चरखा

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव लोहमार्ग खुला झाला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस विलायतेला धाडण्यासाठी. कापूस जाई, कापड परते.

या व्यवस्थेला उत्तर म्हणून जे यंत्र मागवले गेले, त्याच्या अटी पाहा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हलके, सहज हलवता येणारे. किंमत १५० रुपयांच्या आत. आठ तासांत १६,००० वार सूत. आयुष्य वीस वर्षे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. माझ्या मते दोष कारागिरांचा नव्हता. हलकेपणा आणि गिरणीशी स्पर्धा करील असा वेग एकाच यंत्राकडे मागितला होता.

येरवडा तुरुंगात आकारास आलेल्या पेटी चरख्याने वेगाचा हट्ट सोडला. मिटवली की हातात धरण्याजोगी पेटी! कापूस नेणाऱ्या रेल्वेतच आता सूत कातता येणार होते.

शिलाईयंत्राला मात्र गांधीजींनी १९२४ मध्येच अपवाद मानले होते. ‘पण ते कारखान्यातच बनते ना?’ या आक्षेपावर त्यांचे उत्तर होते: असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत.