शब्दवेध : ‘रँच’

टेक्सासातील लबक येथे १९७६ साली खुल्या झालेल्या पशुपालन-वारशाच्या उद्यानात तत्कालीन पोशाख केलेले स्वयंसेवक लोहारकामापासून गुराख्याच्या संसारापर्यंत सारे करून दाखवितात. तेथील ‘लॉस कोरालितोस’ या घराच्या जाड दगडी भिंती व त्यांतील जंग्या न्याहाळताना ‘रँच’ या शब्दाच्या लष्करी कुळाचे स्मरण होते. ‘रांगेत लावणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून स्पॅनिशमध्ये ‘मुक्काम ठोकणे’ हा अर्थ निघाला, त्यातून ‘रांचो’, म्हणजे शिपायांची सामायिक पंगत व तिचा शिधा, हे नाम सिद्ध झाले, आणि मेक्सिकोच्या मुलखात तेच नाम गुराख्यांच्या झोपड्यांना व अखेरीस खिल्लारांसह सबंध इस्टेटीला लागू झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने ते उचलले. ‘लासो’चा ‘लॅसो’ आणि ‘वाकेरो’चा ‘बकरू’ झाला, तोही याच अमदानीत.