39 मिनिटांचा फरक

आजोबांची जन्मपत्रिका माळ्यावर सापडली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन तट पडले. पत्रिकेत लिहिलंय: गिरगाव, मुंबई, सन 1918, सकाळी 6 वाजून 10 मिनिटे. पण कुठल्या घड्याळाने? ही शंका आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनालाच यायची. आकडा आहे, पण रुपये की डॉलर ते लिहिलेलंच नाही!

कारण तेव्हा मुंबईत वेळ एक नव्हती. शहराची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, 5 तास 21 मिनिटांच्या. म्हणजे ठाण्याच्या स्टेशनात साडेदहा, तेव्हा गिरगावात दहाच! 1881 साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनसाहेबांनी मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली. मुंबईकरांनी ती दोन वर्षांत परत केली, न वटलेल्या चेकसारखी. 1 जानेवारी 1906 ला साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, तेव्हा गिरणी कामगारांनी काम बंद केलं. 39 मिनिटं आधी, अंधारात गिरणीत शिरायचं कुणी? त्याच वर्षी पालिकेने पुन्हा मुंबई वेळ धरली आणि ती थेट स्वातंत्र्यानंतर सोडली.

आमचा पुतण्या पीएचपीत प्रोग्रॅम लिहितो. "काका, सोपं आहे. आम्ही वेळ साठवतो यूटीसीत, म्हणजे तुमच्या ग्रिनिचचीच समजा. ज्याने जो विभाग निवडला असेल, त्याला तिथली करून दाखवायची." असं म्हणून त्याने यादी उघडली. मुंबई नाहीच! अख्ख्या देशाला एकच नाव, 'आशिया/कोलकाता'. त्यात 1900 साल घातलं तर मद्रासची वेळ आली. 1943 घातलं तर युद्धकाळातले साडेसहा तास. ज्यासाठी मुंबई एवढी भांडली, त्या 4 तास 51 मिनिटांचा कुठे मागमूस नाही. शेवटी त्याने तो फरक हाताने घातला. 6.10 चे 6.49 झाले. लग्नरास बदलते की काय, म्हणून बायकोने पंचांग काढलं.

इतका वेळ गप्प बसलेले वडील म्हणाले, "अरे, घरात घड्याळ होतं कुठे? चर्नी रोड स्टेशनावर पोरगं पिटाळलं होतं, वेळ बघायला."

स्टेशन म्हणजे रेल्वे, आणि रेल्वेने प्रमाणवेळ 1905 लाच घेतलेली! पुतण्याने मुकाट्याने 39 मिनिटं खोडली. तेवढ्यात बायकोने विचारलं, "आणि ते पोरगं परत यायला किती वेळ लागला?"