रात्री एक ते चार : ‘आलम आरा’ आणि आगगाडीचा आवाज

१/ गडावर व्हिडिओ करणाऱ्या मित्रांची एक नेहमीची तक्रार असते : कॉलरला बिनतारी माइक लावला, तरी वारा, गर्दी, पायथ्याचे हॉर्न सारे काही त्यात येते. मंडळी, ही तक्रार जुनी आहे. आपला पहिला बोलपट तिच्यासह जन्मला. #थ्रेड

२/ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी. त्यांचा इंपीरियल स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. मूकपटांच्या काळात त्याने काही बिघडले नव्हते. गाडी खुशाल धडधडत जावी, कॅमेऱ्याला कान नव्हते. मायक्रोफोन आला आणि तीच गाडी अडचण होऊन बसली.

३/ गोंगाटातही आपण समोरच्याचे बोलणे ऐकू शकतो, कारण नको तो आवाज आपला मेंदू मागे सारतो. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचेल, ते सारे तो टिपतो.

४/ ध्वनिरोधक स्टुडिओ हाताशी नव्हता. इराणींनी जागा बदलली नाही, वेळ बदलली. गाड्या थांबल्या की चित्रीकरण सुरू. बरेचसे काम रात्री एक ते पहाटे चार या वेळात उरकले गेले.

५/ एवढी धास्ती कशासाठी? त्यांच्या ‘तानार’ यंत्रणेत चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. शिट्टी संवादात मिसळली की ती वेगळी काढणे अशक्य. सुंदर वठलेले दृश्यही तिच्यासोबत वाया जाई. अमेरिकन तंत्रज्ञ विल्फर्ड डेमिंग दिवसाला १०० रुपये घेत. ते परवडेना, तेव्हा रुस्तम भरुचा यांना हाताशी धरून इराणींनी स्वतःच ध्वनिमुद्रण केले. हे धाडस मला चित्रपटाच्या कथेपेक्षा अधिक थरारक वाटते.

६/ माइक नटाच्या डोक्यावर धरणारा बूमही नव्हता. माइक कॅमेऱ्याच्या नजरेआड, मिळेल तिथे दडवावे लागत. नट त्यापासून दूर सरकला की शब्द क्षीण होत आणि मागचा आवाज वरचढ ठरे. फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान यांच्या गाण्याला साथ होती ती केवळ पेटी-तबल्याची.

७/ मग माइक नटाच्या अंगावरच का लावू नये? हॉलिवूडच्या ‘माय फेअर लेडी’त (१९६४) तेच झाले. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवण्यास रेक्स हॅरिसन यांनी नकार दिला. अखेर त्यांच्या नेकटायमध्ये बिनतारी माइक लपवला गेला. ध्वनीचे ऑस्कर या चित्रपटालाच मिळाले.

८/ आपला कॉलर माइक याच घराण्यातला. मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मागचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. त्याची सारी करामत एवढीच. बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांनी ऐकतात. शिवाय ध्वनिपातळी आपोआप राखणारी सोय चालू असेल, तर तुम्ही गप्प होताच यंत्र पातळी वाढवते आणि गोंगाट उसळून वर येतो. ती सोय बंद करा, माइकवर फरची टोपी चढवा आणि जमल्यास इराणींप्रमाणे वेळ बदला : गर्दी चढण्याआधी गडावर पोहोचा.

९/ ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या. एखादी चुकार आगगाडी त्या फिल्मवर उमटली होती का, हे ऐकून पाहण्याची सोय आता नाही.